सकाळी हिटर लावला की ईव्हीची रेंज धपकन पडते, पेट्रोल गाडीत असं का होत नव्हतं?

जुळेसोलापूरची मास्तरीण
नमस्कार मंडळी. पावसाळ्यात आम्ही छोटी इलेक्ट्रिक गाडी घेतली, २४ युनिटची बॅटरी आहे. दिवाळीपर्यंत एकदम झकास चालली. आता डिसेंबर लागला, माझी शाळा सकाळची, सव्वासहाला घर सोडते तेव्हा बाहेर १२-१३ डिग्री असतं. धाकट्याला आजीकडे सोडायचं, वाटेत दोन मैत्रिणींना घ्यायचं, त्या कधीच वेळेवर खाली येत नाहीत, असं करत करत १२ किलोमीटरला पस्तीसेक मिनिटं लागतात आणि तेवढा वेळ हिटर चालू असतो. शाळेत पोचेपर्यंत स्क्रीनवरची रेंज, म्हणजे गाडी अजून किती किलोमीटर जाईल तो आकडा, अशी काही पडलेली असते की बघवत नाही. ह्यांचं म्हणणं थंडीनं बॅटरी बाद झाली, शोरूमला दाखव. शेजारचे काका म्हणतात हिटर लावूच नका, स्वेटर घाला. आमच्या जुन्या पेट्रोल गाडीत हिटर बिनधास्त चालायचा, कुणी कधी काही बोललं नाही. मग हिच्यातच असं काय आहे?

शेंगाचटणी
सोलापुरात राहून हिटर?? ताई गावाची इज्जत काढलालाव तुम्ही. चादर घ्या की ओ अंगावर, अख्खा देश घेतोय आपली 😄

जुळेसोलापूरची मास्तरीण
चादर अंगावर घेऊन स्टिअरिंग फिरवून दाखवा मग बोलू.

वायरमनकाका
चटणीशेठ जरा दम धरा, प्रश्न चांगला आहे.

ताई, बॅटरीला काही झालेलं नाही. पेट्रोलच्या इंजिनात जेवढं पेट्रोल जळतं त्यातला तीस टक्क्यांच्या आसपासच भाग चाकं फिरवायला लागतो, बाकीची सगळी उष्णता सायलेन्सरमधून आणि रेडिएटरमधून बाहेर जाते. इंजिनभोवती फिरणारं पाणी ९० डिग्रीपर्यंत तापलेलं असतंच, तेच पाणी डॅशबोर्डच्या मागे एका छोट्या रेडिएटरमधून फिरवतात आणि त्यावरून ब्लोअर हवा मारतो, झाला हिटर. म्हणजे भाकऱ्या झाल्यावर चुलीवर उरलेल्या आरावर अंघोळीचं पाणी ठेवावं तसं आहे ते, त्याला वेगळं सरपण लागत नाही. तुमच्या ईव्हीत चूलच नाही. मोटर नव्वद टक्क्यांच्या वर कार्यक्षम असते, तिची उष्णता अगदीच थोडी, त्यामुळे आतली हवा गरम करायची तर बॅटरीतली वीज घेऊन मुद्दाम कॉइल तापवावी लागते. त्याला पीटीसी हिटर म्हणतात. एक युनिट वीज घातली की एक युनिट उष्णता, त्यात कुठलीच जादू नाही.

आता तुमचाच हिशोब करू. गाडी थंडगार असताना हिटर सुरुवातीला तीन-चार किलोवॅट ओढतो, आत गरम झालं की सोलापूरच्या थंडीत एक-सव्वा किलोवॅटवर येतो. सरासरी दीड धरा. पस्तीस मिनिटांत झालं पाऊण-एक युनिट. आणि १२ किलोमीटर गाडी चालवायला शहरात लागतं साधारण सव्वा ते दीड युनिट. म्हणजे जेवढी वीज गाडी ढकलायला लागली त्याच्या निम्म्याहून जास्त नुसत्या उबेला गेली. रेंज पडणारच की.

जुळेसोलापूरची मास्तरीण
अरे बापरे, म्हणजे हिटर इतका खातो? मग पुण्याला कसं जायचं हिटर लावून, अडीचशे किलोमीटर आहे.

वायरमनकाका
हायवेवर उलट होतं. हिटर किलोमीटर मोजत नाही, तो तास मोजतो. तुम्ही ताशी वीसच्या वेगानं गल्लीबोळातून थांबत थांबत गेलात तर एका तासाचा हिटर वीस किलोमीटरवर पडतो, ऐंशीनं गेलात तर तोच खर्च ऐंशी किलोमीटरवर वाटला जातो. तासाला सव्वा युनिट (एक युनिट म्हणजे हजार वॉट-अवर) धरलं तर शहरात किलोमीटरमागे साठ-पासष्ट वॉट-अवर आणि हायवेवर पंधरा-सोळा. मैत्रिणीच्या बिल्डिंगखाली दहा मिनिटं थांबता तेव्हा तर किलोमीटर शून्य आणि हिटर चालूच. आणि पुण्याला निघाल्यावर टेंभुर्णीपर्यंत ऊन वर आलेलं असतं, मग हिटरची गरजच राहत नाही.

दुसरं, तो स्क्रीनवरचा आकडा फार मनावर घेऊ नका. आत्ता थोड्या वेळापूर्वी गाडीनं किती वीज खाल्ली त्यावरून तो पुढचा अंदाज बांधतो. सकाळचा महागडा अर्धा तास बघून त्याला वाटतं ही बाई दिवसभर अशीच चालवणार. बॅटरीचे टक्के बघत जा, ते खरं सांगतात.

टेंभुर्णी एक्सप्रेस
काका तुमचं शास्त्र मान्य पण पेट्रोल गाडीत हिटर फुकट हे काही पटत नाही बुवा. माझी पेट्रोल आहे, महिन्यातून बऱ्याचदा पुणे-सोलापूर होतं, आणि गावातलं फिरणं वेगळं, हिवाळ्यात ॲव्हरेज पडतोच पडतो. हिटर लावला की पडतो. शून्य कसा म्हणता?

होटगीरोड गॅरेज
ॲव्हरेज पडतो ते बरोबर, हिटरमुळे पडतो ते चूक. रोज हा प्रश्न येतो माझ्याकडे म्हणून लिहितो.

पहिलं म्हणजे गार इंजिन. ते तापेपर्यंत ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, जास्त पेट्रोल सोडतो, ऑइल घट्ट असतं, गिअरबॉक्सचं पण तेच. घर ते दुकान तीन किलोमीटर जाऊन गाडी बंद केली, तासाभरानं परत तीन किलोमीटर, असं वापरलं तर इंजिन धड कधी तापतच नाही. दुसरं टायर. तापमान पाच-सहा डिग्री उतरलं की हवा साधारण १ पीएसआय कमी होते. एप्रिल-मेच्या दुपारी भरलेली हवा डिसेंबरच्या पहाटे चार-पाच पीएसआयनं कमी भरते आणि लोक तशीच ओढत राहतात. तिसरं, हायवेवर गार हवा जड असते, १२ डिग्रीची हवा ३५ डिग्रीच्या हवेपेक्षा आठेक टक्क्यांनी दाट, ती कापायला जोर लागतो.

आणि चौथं जे नव्वद टक्के गिऱ्हाइकांना माहीत नसतं, एसीचं बटण. ऑटो क्लायमेट असेल तर नॉब लाल बाजूला फिरवला तरी एसीचा दिवा तसाच पेटलेला असतो, म्हणजे कॉम्प्रेसर चालू. समोरच्या काचेचा डिफ्रॉस्ट दाबला की बऱ्याच गाड्यांत कॉम्प्रेसर आपोआप लागतो. हिटर फुकट आहे हो, पण त्याच्याबरोबर तुम्ही एसी चालवताय.

टेंभुर्णी एक्सप्रेस
आत्ता खाली जाऊन बघून आलो. एसीचा दिवा पेटलेला 🙄

मिनेसोटातला सोलापूरकर
इथे उणे वीसमध्ये बसून तुमच्या १२ डिग्रीची चर्चा वाचतोय, मजा येते आहे. चाळीत असताना १२ डिग्रीला आम्ही शेकोटी पेटवायचो, इथे १२ डिग्रीला लोक हाफ पँटवर फिरतात.

आकडे हवे असतील तर इथल्या ऊर्जा खात्याचे आहेत: २५ डिग्रीच्या मानानं उणे ७ डिग्रीला साध्या पेट्रोल गाडीचं ॲव्हरेज शहरात साधारण १५ टक्के पडतं, आणि पाच-सहा किलोमीटरच्या छोट्या फेऱ्या असतील तर २४ टक्क्यांपर्यंत. म्हणजे गॅरेजवाले दादा म्हणतात तेच, छोटी फेरी आणि गार इंजिन. ईव्हीचं म्हणाल तर एएए नावाची इथली मोटार संघटना आहे, तिनं २०१९ मध्ये पाच ईव्ही तपासल्या होत्या. उणे ७ डिग्रीला हिटर बंद ठेवला तर रेंज सरासरी १२ टक्के कमी, हिटर लावला तर ४१ टक्के कमी. म्हणजे थंडीनं स्वतः बॅटरीला जेवढं छळलं त्याच्या दुपटीहून जास्त आतल्या माणसांच्या उबेनं खाल्लं. ताईंच्या घरी बॅटरीवर आळ घेतला जातोय तो काढून टाका.

इथे लोक काय करतात तर सीट हिटर लावतात. एका सीटला ५०-७५ वॉट, बस्स. सगळी हवा तापवण्यापेक्षा पाठ आणि हात तापवले की शरीराला तेवढंच वाटतं. स्टिअरिंगमध्ये पण तापवायची तार असते.

शेंगाचटणी
सीट तापवायची?? आपल्याकडं मे महिन्यात सात रस्त्याला उन्हात गाडी लावून बघ बे, फुकटात तापते. सीट, स्टिअरिंग, बेल्टचं बक्कल, सगळंच.

मिनेसोटातला सोलापूरकर
😂 विसरलो होतो ते बक्कल. चटका अजून आठवतो.

भीमाकाठ
आमच्याकडं डिझेल आहे. हिटर लावला तर पंधरा मिनिटं गारच हवा येते. काही बिघाड आहे का? आणि सकाळी गाडी दहा मिनिटं चालू ठेवून तापवून मगच काढायची अशी वडलांची पद्धत आहे, ती बरोबर का?

होटगीरोड गॅरेज
डिझेल इंजिन पेट्रोलपेक्षा कमी उष्णता वाया घालवतं, म्हणून उशिरा तापतं. फार थंड देशांत तर डिझेल गाड्यांनाही मदतीला इलेक्ट्रिक हिटर देतात. तुमच्यात पंधरा मिनिटं जरा जास्तच वाटतात, थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिनचं पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप, उघडा अडकलाय का ते एकदा बघून घ्या, तसं असेल तर टेम्परेचरचा काटा हायवेवर खाली खाली येतो.

वडलांची पद्धत कार्बोरेटरच्या आणि जुन्या डिझेलच्या काळातली. आताच्या गाडीला अर्धा मिनिट पुरे, मग पहिले दोन-तीन किलोमीटर हळू चालवा, चालत्या गाडीचं इंजिन उभ्या गाडीपेक्षा लवकर तापतं. आणि हिटर लगेच फुल्ल लावायचा नाही, काटा हलायला लागला की लावा. आधी लावला तर तुमच्याच पायावर गार वारा आणि इंजिन तापायला आणखी उशीर. वडलांना मात्र हे तुम्ही सांगा, मी नाही सांगत.

टेंभुर्णी एक्सप्रेस
एसी बंद करून आज पहाटे निघालो. इंदापूरच्या पुढे उजनीच्या पाण्याजवळ आलो तर बाहेर धुकं आणि आतून काच पांढरीफटक! समोर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. जीव वाचला नशिबानं. झक मारत एसी लावला तेव्हा काच साफ झाली. तुमचा सल्ला महागात पडला असता दादा.

होटगीरोड गॅरेज
अहो एसी कायमचा बंद ठेवा असं कुठं म्हणालो मी! काचेवर वाफ धरली की एसी लावायचाच, तिथं पेट्रोलचा विचार करायचा नाही. एसीचं अर्धं काम हवा गार करणं आणि अर्धं काम हवेतलं पाणी काढणं. गार कॉइलवर दमट हवा आली की पाणी सुटून खाली गळून जातं, मग तीच कोरडी हवा हिटरवरून गरम होऊन काचेवर येते, वाफ एका मिनिटात गायब. म्हणून डिफ्रॉस्टला दोन्ही एकत्र चालतात, ते मुद्दाम तसं केलंय.

आणि फ्रेश एअर! रिसर्क्युलेशनचं, म्हणजे आतलीच हवा परत फिरवायचं, बटण लोक उन्हाळ्यात दाबतात ते तसंच राहतं. चार माणसं आत श्वास सोडतायत, ओले बूट, बाटल्या, सगळी वाफ आत कोंडते. बाहेरची हवा घ्या. गाळप सुरू आहे तोवर त्या रस्त्याला पहाटे काच स्वच्छ हीच पहिली गोष्ट, काच आतून पण पुसत जा, तेलकट थर असला की वाफ लवकर धरते.

वायरमनकाका
ह्यात ईव्हीवाल्यांची एक अडचण आहे. रिसर्क्युलेशन लावलं तर गरम हवा आतच फिरते, वीज वाचते, पण काच धुरकटते. फ्रेश लावलं तर काच साफ, पण तापवलेली हवा बाहेर टाकून गार हवा सारखी तापवावी लागते. ताई, तुम्ही चौघं असता तेव्हा फ्रेश ठेवा, एकट्या असाल तर रिसर्क्युलेशन चालेल, अधूनमधून बदला. आणि माणसंसुद्धा हिटरच असतात, बसलेला एक माणूस शंभरेक वॉट उष्णता देतो. मैत्रिणी आल्या की हिटर एक पॉइंट कमी करा.

जुळेसोलापूरची मास्तरीण
मैत्रिणींना हे वाचून दाखवलं, त्या म्हणतात आम्हाला ह्याबद्दल पेट्रोलचे पैसे माफ करा 😀

मागच्या काचेच्या त्या तारा असतात त्याला किती लागतं? आणि मोबाइल चार्जिंग, गाणी, दिवे? घरी आता सगळंच बंद करायला लावतायत मला.

वायरमनकाका
काही बंद करू नका. मागच्या डिफॉगरला दीडशे-पावणेदोनशे वॉट, आणि तो बहुतेक गाड्यांत दहा-पंधरा मिनिटांत आपोआप बंद होतो. एलईडी दिवे त्याहून कमी. मोबाइल दहा-वीस वॉट. गाणी किरकोळ. हवा खेळवणाऱ्या सीट असतात त्यात नुसते छोटे पंखे, मोबाइलच्या चार्जरएवढीच वीज. हे सगळं एकत्र केलं तरी हिटरच्या पासंगाला पुरणार नाही. खरं खाणारं एकच आहे, हवा तापवणं किंवा गार करणं.

पेट्रोल गाडीत मात्र ही वीजसुद्धा फुकट नसते हे टेंभुर्णीवाल्यांच्या शंकेपुरतं सांगतो. अल्टरनेटर इंजिनच फिरवतं. एक लिटर पेट्रोलमध्ये नऊएक युनिट ऊर्जा असते पण इंजिन आणि अल्टरनेटर दोघांचे हिस्से जाऊन हातात वीज येते दीड-पावणेदोन युनिट. मागचा डिफॉगर दहा मिनिटं चालवला तर दीड-दोन रुपयांचं पेट्रोल. त्यासाठी आंधळ्यासारखं रिव्हर्स घेऊ नये.

भीमाकाठ
काका मग मे महिन्यात ईव्हीचं काय होत असेल? आपल्याकडं ४३-४४ जातं. हिवाळा दोन महिन्यांचा पाहुणा, उन्हाळाच खरा.

वायरमनकाका
ह्यात एक गंमत आहे. मेमध्ये बाहेर ४३ आणि आत २५ हवं, १८ डिग्रीचा फरक, वर डोक्यावर ऊन. आत्ता सकाळी बाहेर १२ आणि आत २२ हवं, फरक फक्त दहाचा. तरी वीज जवळपास सारखीच लागते! कारण एसी उष्णता तयार करत नाही, आतली उचलून बाहेर टाकतो, एक युनिट विजेत दोन-तीन युनिट उष्णता हलवतो. पीटीसी हिटरला एकाला एकच. म्हणून आता महागड्या ईव्हीत हीट पंप देतात, म्हणजे एसीच उलटा चालवायचा, बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणायची. १२ डिग्रीच्या हवेत भरपूर उष्णता असते, तिथं हीट पंप पीटीसीच्या निम्म्याहून कमी विजेत भागवतो. निसाननं लीफ ह्या ईव्हीत २०१३ च्या सुमारासच दिला होता, टेस्लानं २०२० च्या मॉडेल वायमध्ये आणला.

पण भीमाकाठ म्हणतात ते खरं. आपल्याकडं हिटर लागतो सकाळचे दोन-अडीच तास, साडेनऊला ऊन चढलं की स्वेटर काढून ठेवतो आपण. एसी लागतो फेब्रुवारी अखेरीपासून जूनपर्यंत, दिवसभर. सोलापूरकरानं गाडी घेताना हीट पंपाला जादा पैसे मोजायच्या आधी एसी कसा आहे ते बघावं, काचांना चांगली सावली आहे का बघावं, हे माझं मत.

मिनेसोटातला सोलापूरकर
सहमत. इथे हीट पंप नसलेली ईव्ही मी घेणार नाही, तिथे घेईन.

शेंगाचटणी
एक सिरियस प्रश्न. संक्रांतीच्या आधी मोहोळकडं शेतावर हुरड्याला जायचंय, रात्री मुक्काम. दोघा-तिघांचा प्लॅन आहे की गाडी चालू ठेवून हिटर लावून आतच झोपायचं. पेट्रोल किती जाईल?

होटगीरोड गॅरेज
नको. उभी गाडी तासाला लिटरच्या आसपास पिते ते सोडा, जीवाचा प्रश्न आहे. सायलेन्सरचा धूर आत आला तर कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, झोपेतला माणूस उठत नाही. गोठ्यात, शेडमध्ये, भिंतीला सायलेन्सर टेकवून तर अजिबातच नाही. बंद गॅरेजमध्ये गाडी तापवत बसणाऱ्यांनी पण हे वाचावं.

वायरमनकाका
ईव्हीत ती भीती नाही, धूरच नसतो. रात्रभर हलका हिटर ठेवला तर आठ तासांत सहा-आठ युनिट जातील, २४ च्या गाडीत पाव ते तिसरा हिस्सा. परत यायला पुरेल एवढं चार्जिंग असेल तर चालतं.

शेंगाचटणी
मास्तरीणबाई, गाडी द्याल का ओ एक दिवस? हुरडा पोचता करतो, दही-चटणीसकट.

जुळेसोलापूरची मास्तरीण
आधी इज्जत काढल्याबद्दल दोन किलो हुरडा, मग बघू.

काका, मी आता असं केलंय. रात्री गाडी १५ अँपिअरच्या प्लगला लावतेच, सकाळी निघायच्या दहा मिनिटं आधी प्लग न काढता ॲपवरून हिटर लावते. आत बसलं की ऊब असते, मग वाटेत अगदी एकवर ठेवते नाहीतर बंदच. शाळेत पोचल्यावर टक्के पूर्वीपेक्षा जास्त शिल्लक दिसतात. ह्यांचं म्हणणं आता की बिल वाढेल.

वायरमनकाका
बरोबर केलंत. सुरुवातीचा जो मोठा झटका असतो तो भिंतीतल्या विजेवर गेला, बॅटरीवर नाही. दहा मिनिटांना अर्धा युनिट धरा, तुमच्या स्लॅबप्रमाणे पाच-सहा रुपये, ते पण फक्त गार सकाळी. साहेबांना सांगा ही वीज आधीही जातच होती, फक्त बॅटरीमार्फत जात होती.

टेंभुर्णी एक्सप्रेस
गॅरेजवाले दादा, टायरची हवा आता सकाळी भरायची की दुपारी?

होटगीरोड गॅरेज
सकाळी, टायर गार असताना, ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर आकडा छापलेला असतो तेवढी. मार्चमध्ये ऊन वाढलं की परत सकाळीच तपासायची. रविवारी दुकान दहानंतर उघडतं, गार टायर पाहिजे असतील तर शनिवारी लवकर या.